मधोमध

सातारकराला चालता येतं. सांगलीकरालाही येतं. पहाटे अजिंक्यतारा चढून-उतरून आठच्या आत अंघोळ उरकणारी माणसं साताऱ्यात पेठोपेठी सापडतील, आणि आमराईत घाम गाळून मग भडंगाला न्याय देणारी सांगलीत. तेव्हा चालण्याबद्दल आपली काही तक्रार नाही. तक्रार आहे ती थांबण्याबद्दल. दोन्ही गावांना थांबता येत नाही.

म्हणजे थांबतात भरपूर. पण कुठे, ते बघा.

दुकानाच्या पायरीवर थांबतात. खरेदी उरकलेला गडी पायरी उतरून चार पावलं बाजूला होईल तर शपथ. पायरीवरच उभा राहून तो पिशवीत डोकं घालतो, बिल तपासतो, सुट्टे खिशात कोंबतो आणि घरी फोन लावून ‘निळा नव्हता, हिरवा घेतलाय’ एवढं कळवल्यावरच पुढचं पाऊल टाकतो. आत अडकलेले चौघे आणि बाहेर खोळंबलेले तिघे तोवर त्या हिरव्या रंगाचे साक्षीदार. एसटीच्या दारात थांबतात. चढल्या चढल्या पहिल्या दांडीला धरून गाडीचा आढावा घ्यायचा. मागे एक पाय पायरीवर नि एक हवेत अशी कुणी बाई लोंबकळतेय, त्याची दाद ना फिर्याद. जिना संपतो त्या पायरीवर थांबतात. लिफ्टच्या दारात थांबतात. देवळात तर देवासमोर अर्धं मिनिट आणि उंबऱ्यावर पाच मिनिटं, चपला आपल्याच आहेत का या चिंतनात. एसटी महामंडळाने विनाथांबा गाडी काढून दाखवली. विनाथांबा प्रवासी काही त्यांनाही काढता आला नाही.

साताऱ्यात पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जायला दोन मोठे रस्ते आहेत, राजपथ आणि कर्मवीर पथ. एकावर माणसं भेटली तर दुसऱ्यावरून निघून जाता यावं, अशी सोय वाटते खरी. पण सातारकर पक्षपाती नाही, तो दोन्हीकडे भेटतो. पुण्याला नोकरीला असलेला कुणी शनिवारी गावी आला आणि मोती चौकात जुन्या वर्गमित्राला दिसला, की जिथे नजरानजर झाली तीच जागा पवित्र. दोन पावलं कडेला गेलं तर जणू भेट बाद होईल. ‘काय मग, कधी आलास?’ पासून ‘पोरगं कितवीला?’ पर्यंत सगळं तिथेच, बरोबर मधोमध. इतक्यात तिसरा येतो, मग चौथा येतो आणि वर्तुळ तयार होतं. कमीत कमी घेरात जास्तीत जास्त जागा कोंडायची तर आकार वर्तुळाचाच लागतो, हे गणितात सिद्ध करायला भल्याभल्यांना घाम फुटला होता. सातारकराला ते उपजत येतं. चार माणसं, सगळा रस्ता.

सांगलीची तऱ्हा वेगळी. सातारकर सरकत नाही, कारण सरकणं म्हणजे माघार. राजधानीचं गाव, माघारीची सवय नाही. सांगलीकर बिचारा लगेच सरकतो, पण तुम्ही ज्या बाजूला सरकलात त्याच बाजूला. तुम्ही इकडे, तोही इकडे. तुम्ही तिकडे, तोही तिकडे. हरभट रोडवर दोन अनोळखी माणसांची अशी बिनहाताची फुगडी रंगते, आणि शेवटी तो मोठ्या मनाने म्हणतो, ‘जावा की ओ!’ म्हणतो आणि जागचा हलत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ याच गावात केलं, तेव्हापासून सांगली नाट्यपंढरी. त्यामुळे एंट्री सगळ्यांनाच जमते. एक्झिट बसवायची तेवढी राहिली आहे.

सकाळचे फिरायला जाणारे हा स्वतंत्र विभाग. यवतेश्वरच्या घाटात म्हणा, अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर म्हणा, चौघे एका ओळीत निघतात. मधला कुणी तरी बोलणारा असतो, कडेचे दोघे ऐकण्यासाठी आत कललेले, त्यामुळे तुकडी फुटता फुटत नाही. विषय बहुधा कोलेस्टेरॉल. मागून दुचाकीने हॉर्न दिला की चौघेही थांबून, वळून, हॉर्न देणाऱ्याचे संस्कार तपासतात. मग दोघे डावीकडे आणि दोघे उजवीकडे होतात. गाडी मधून जाते आणि चर्चा तिच्या डोक्यावरून चालूच राहते. स्वतःच्या हृदयासाठी चाललेत म्हटल्यावर मागच्याच्या हृदयाचं काय होतं, ते त्याच्या डॉक्टरनं बघावं.

छत्र्यांबद्दल बोलायलाच नको. सातारचा पाऊस आडवा, म्हणून छत्रीही आडवी, आणि काडीचं टोक समोरच्याच्या बरोबर डोळ्याच्या उंचीवर. धरणारा मात्र छत्रीच्या आड निर्धास्त. त्याला समोरचे फक्त पाय दिसतात, आणि पायांना डोळे नसतात हे त्याचं म्हणणं बिनतोड आहे. पाठीवरच्या सॅकचंही तसंच. सॅक घेतली की माणूस मागे फूटभर वाढतो, पण ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली नसते. एसटीत उभा असा एक जण ‘कराड आलं का?’ म्हणून खिडकीकडे वळतो, तेव्हा बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या टोप्या एका झटक्यात फिरतात.

सगळं खापर मोबाईलवर फोडायची पद्धत पडली आहे. ती मला पटत नाही. मोबाईल नव्हता तेव्हा हीच माणसं रस्त्यात थांबून पेपर उघडायची, तंबाखू मळायची, नाहीतर काहीच न करता नुसती उभी राहायची. मोबाईलने त्यांना कारण दिलं, सवय जुनीच.

आता गंमत ऐका. आयआयटी कानपूरचे पार्थ चक्रवर्ती, उज्ज्वल चट्टराज आणि जर्मनीचे आर्मिन सायफ्रीड यांनी मिळून भारतीय आणि जर्मन माणसांच्या चालण्याची तुलना केली. २००९ साली ती छापूनही आली. माणसं एकामागे एक अशी एका अरुंद वाटेने चालवायची, हळूहळू संख्या वाढवायची आणि वेग मोजायचा. निष्कर्ष काय निघावा? दाटी वाढली की जर्मन माणसाची चाल जास्त मंदावते, भारतीयाची तेवढी नाही. आपल्याला दोन माणसांत अंतरही कमी लागतं. शिस्तीच्या जर्मनांपेक्षा आपली बेशिस्त दाटीत जास्त कामाची ठरली. शनिवारच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या आणि कडेवर पोर घेऊन सुळकन निसटणाऱ्या बाईला हे सांगायला आयआयटीची गरज नव्हती, पण छापून आलं ते बरं झालं.

म्हणजे आपल्याला जागेचं भान नाही असं म्हणता येत नाही. खिडकीतून रुमाल भिरकावून तिसऱ्या बाकावरची कडेची जागा धरणाऱ्या माणसाला जागेचं भान नाही, असं कोण म्हणेल?

आणि याच सातारा जिल्ह्यात त्याहून मोठा पुरावा दर आषाढात मिळतो. माउलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात येते, लोणंदचा मुक्काम आटोपून तरडगावकडे निघते, आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. तिथे जाऊन एकदा बघाच. मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी. कुणी झाडावर, कुणी टेम्पोच्या टपावर. आणि त्या गर्दीच्या पोटात, दिंड्यांच्या दोन ओळींच्या मधोमध, एक सरळ मोकळी पट्टी उघडते. दोरी नसते, कठडे नसतात. पखवाज घुमत असतो, पताका वर असतात, बायकांच्या डोक्यांवर तुळशी असतात आणि पुढच्या ओळीतले म्हातारे नुसत्या पाठीने मागचा रेटा धरून उभे असतात. मग स्वाराचा आणि माउलींचा असे दोन अश्व त्या पट्टीतून दौडत जातात. भरधाव. कुणाच्या पायावर टाप पडत नाही. घोडे गेले की ती पट्टी क्षणात मिटते आणि माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला वाकतात.

घोड्याला वाट देणारा हाच वारकरी परतल्यावर चौकात उभा राहतो आणि रिक्षाला वाट देत नाही. का? माझा आपला अंदाज असा, की दाटीत दुसरा माणूस अंगाला लागतो, म्हणून तो आहे हे आपल्याला कळतं. कोपर, खांदा, पाठ सगळ्यांना खबर असते. अंतर दोन फुटांचं झालं की तो माणूस आपल्यापुरता संपतो. मागे कुणी आहे का, हे बघायला मान वळवावी लागते, आणि मान वळवणं हे आपल्याकडे फक्त अपघात बघताना करायचं काम. धक्का लागेपर्यंत मागचा माणूस ही अफवाच.

याच जिल्ह्यातली दुसरी गर्दी मात्र चेष्टेत घेण्यासारखी नाही. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा, वाईजवळच्या मांढरदेवची काळूबाईची यात्रा. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही अंगांनी दुकानांनी आवळलेली वाट, पुढे माणसं पडली हे मागच्यांना कळायला मार्ग नाही. मागून रेटा चालूच. त्यात दुकानांना आगी लागल्या. तीनशेच्या घरात माणसं गेली, बायाबापड्या आणि पोरं जास्त. पुढे न्यायमूर्ती कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. तिथे चालणाऱ्यांच्या पायांना दोष देणारा माणूस निर्दय म्हणायचा. तिथे वाट द्यायला वाटच ठेवलेली नव्हती.

त्यामुळे कुणी म्हणेल, लोकांना काय बोलता, आधी फूटपाथ दाखवा, तर त्याचं ऐकून घ्यावं लागतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत फूटपाथला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. मोकळी हं. म्हणजे विजेचा डीपी, चहाची टपरी, रसवंतीची बाकडी, भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणि फ्लेक्सला टेकवलेली बुलेट वजा जाता उरलेली. आपल्याकडे ही वजाबाकी केली की उत्तर उणे येतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फूटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. हक्क मिळाला, उत्तम झालं. आता तो बजावायचा तर टपरीवाल्याच्या बाकड्यावर पाय ठेवून पलीकडे उडी मारता आली पाहिजे.

पण ही सबब सगळीकडे चालत नाही. सुपर मार्केटच्या प्रशस्त, थंडगार, फरशी घातलेल्या वाटेत तर ना टपरी आहे ना बुलेट. तिथे जाऊन बघा. ढकलगाडी वाटेत आडवी लावून अख्खं कुटुंब डाळींच्या भावावर विचारविनिमय करत असतं. तुम्ही ‘जरा’ म्हटलंत की ते गाडी सरकवतात, स्वतः सरकत नाहीत. दुसऱ्यांदा ‘जरा’ म्हटलंत की स्वतः सरकतात आणि गाडी परत आडवी येते.

पोवई नाक्यावर २०२१ च्या जानेवारीत ग्रेड सेपरेटर सुरू झाला. कराडकडचं, कोरेगावकडचं, गावातलं, सगळं एकाच नाक्यावर येऊन कोंडत होतं, म्हणून गाड्यांना जमिनीखालून वाट काढून दिली. कल्पना चांगलीच आहे, फक्त ती गाड्यांवर वाया गेली. खरी गरज माणसांच्या ग्रेड सेपरेटरची आहे. एका पातळीवर चालणारे, दुसऱ्या पातळीवर ‘काय मग, कधी आलास?’वाले. खाली थोडी जागा उरली तर बिल तपासणाऱ्यांना द्यावी.

सांगलीला त्याऐवजी पूल आहे. आयर्विन पूल, १९२९ चा. पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढायला लागलं की गावाचं लक्ष या पुलाकडे. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं, ते आठवून आजही लोक बोलता बोलता गप्प होतात. तेव्हा पाण्याची धास्ती खरी आहे, तिची टिंगल नाही. पण पाणी नुसतं पस्तिशीला आलं की निम्मी सांगली पुलावर! पोरंबाळं, आजी, दुचाकी स्टँडवर, कणसाची गाडी, फोटोसाठी कठड्याला पाठ लावलेली जोडपी. आणि त्यातून ज्याला खरोखरच पलीकडे, सांगलीवाडीला जायचं आहे, तो एखादा दूधवाला कॅनसकट मधोमध रुतलेला. कोयनेतून किती विसर्ग सोडला, बंधाऱ्याला किती झालं, रात्रीतून किती इंच वाढलं, हे सगळं त्या गर्दीतल्या कुणालाही विचारा, बिनचूक सांगेल. नदी किती इंच चढली हे ज्याला ठाऊक, त्याला आपलं कोपर दूधवाल्याच्या बरगडीत किती इंच शिरलंय याचा पत्ता नसतो. दूधवाल्याने हाक दिली तर तो वळून विचारतो, ‘काय ओ, पाणी वाढलं काय?’

कासला हीच सवय फुलांच्या मुळावर येते. २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांत कासची नोंद झाली, गर्दी आवरायला रोज तीन हजारांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आली, आत पायवाटा आखून दिल्या. पायवाटेवरून चालणारा कुणाचं काही बिघडवत नाही. बिघडवतो तो थांबणारा. एक जण पायवाटेच्या मधोमध बसकण मारून तेरड्याचा फोटो काढत राहतो, मागच्याला घाई असते, मग तो फुलांतून वळसा घालतो, त्याच्या मागचे सगळे त्याच्या मागून. तासाभरात नवी पायवाट तयार. फोटो मात्र छान येतो, कारण त्याच्या चौकटीत मागचा कुणी नसतो.

वाट कशी काढावी हे शिकायचं असेल तर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याच्या दिवसांत जावं. हमाल पोतं पाठीवर घेऊन कमरेत वाकून निघतो. मान खाली. त्याला दिसतात ती फक्त दोन-तीन हातांवरची जमीन आणि लोकांच्या टाचा. तेवढ्यावर तो ओळखतो: ही चप्पल उभी आहे, ही निघाली आहे, हे बूट वळणार आहेत. टाच उचलली की तो अर्धं पाऊल धीमा होतो, टाच टेकली की कडेने जातो. तोंडाने एकसारखं ‘व्हा बाजूला, व्हा बाजूला’ चालू असतं. डोक्याला बांधलेलं फडकं, भुवया, पापण्या, सगळं हळदीच्या धुरळ्याने पिवळं. दिवसभर त्याचा धक्का कुणाला लागत नाही.

गेल्या हंगामात तिथे एका गाळ्याच्या दारात इस्त्रीच्या कपड्यांतले एक गृहस्थ फोनवर बोलत उभे होते. दाराच्या मधोमध. हमाल आला, पांढरे बूट बघून थांबला, ‘व्हा बाजूला’ म्हणाला. बूट हलले नाहीत. परत म्हणाला. नाहीत. मग त्याने पाठीवरचं पोतं जरा सावरलं आणि खाली मान घालूनच म्हणाला,

‘सायेब, तुमचं चालू द्या निवांत. पोतं काय, मी दुपारपतूर धरतो.’

साहेबांनी मान न वळवता हात वर केला. एक मिनिट.